हसली नाही म्हणजे रागावली नाही

अगं, आधी जरा टेक. चहा घे आणि कपाळावरची ती आठी काढ बघू. उल्सान म्हणजे काही चंद्र नाही. नवऱ्याला शिपयार्डात नव्या बोटीवर देखरेखीचं काम मिळालंय, कंपनी घर देतेय, तिकिटं देतेय, आणि तू इथे रेवदंड्यात बसून कोणाकोणाचं ऐकून पोटात गोळा आणून घेतेस! एकीने तुला सांगितलं, तिथले दुकानदार परदेशी माणसाकडे धड बघतसुद्धा नाहीत. दुसरी म्हणाली, असली सेवा जगात कुठे मिळायची नाही. खरं सांगू का, दोघीही खरंच बोलल्या. पहिलीने चेहरे बघितले आणि दुसरीने घड्याळ.

आपल्या पट्ट्यात बोटीवर जाणारे पुरुष काही कमी नाहीत. पण ते बंदराला लागतात आणि पुढे निघतात. बायकामुलांसकट परक्या गावात बिऱ्हाड करायची वेळ येते ती अशी, बोट बांधून होईपर्यंत. उल्सानला ह्युंदाईचं अवाढव्य शिपयार्ड आहे, गोजे बेटावर सॅमसंगचं आणि हानह्वाचं. हे हानह्वाचं २०२३ पर्यंत देवू म्हणून ओळखलं जायचं. जहाज बांधून घेणाऱ्या कंपन्या आपली माणसं तिथे बसवतात. त्यात ग्रीक असतात, नॉर्वेचे असतात, आपलेही असतात. म्हणजे शिपयार्डाजवळच्या भाजीवालीने तुझ्यासारख्या कितीतरी घाबरलेल्या बाया आधी बघितल्यात. तू काही तिच्यापुढे पहिली उभी राहणार नाहीस.

आता चेहऱ्यांचं बोलू, कारण तुझा अर्धा धसका तिथलाच आहे. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात पाय ठेवला की आधी ‘कधी आलात?’, मग ‘सासूबाईंचा गुडघा कसाय?’ आणि त्यानंतर कधीतरी अर्धा किलो रवा. तिकडे ही प्रस्तावना नाही. काउंटरवरची बाई माल घेईल, पैसे घेईल, एक ठरलेलं वाक्य भरभर म्हणेल आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल. तुला वाटेल, मी काय केलं हिचं? काही नाही केलंस. तिने शेजारच्या कोरियन आजीलाही तसंच वागवलं, तू फक्त ते बघितलं नाहीस.

आणि बघ, आपण तरी काय वेगळं करतो? शनिवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर मुंबईची माणसं उतरतात. दुपारी दोनला खानावळीत येऊन ‘सुरमई थाळी आहे?’ विचारतात आणि आतली बाई ‘संपली’ एवढाच एक शब्द बोलून आत जाते. मुंबईवाले म्हणतात, अलिबागची माणसं भारी खडूस. आपल्याला माहीत असतं की ती बाई पहाटे पाचपासून नारळ खवतेय आणि तिच्या चुलीवर अजून वीस माणसांचं जेवण आहे. उल्सानला गेलीस की तू ती मुंबईवाली होणार आहेस. एवढं लक्षात ठेवलंस तरी पुष्कळ अपमान टळतील, जे कोणी केलेलेच नसतात.

एक खूण मात्र इथूनच शिकून जा, कारण तिच्यावरून फार रडारड होते. तू हॉटेलच्या दारात उभी आहेस. आतून एक बाई तुझ्याकडे बघते आणि दोन्ही हात छातीसमोर आडवे धरून फुली करते. शब्द नाही, हसू नाही, नुसती फुली. परक्या देशात, हातात पोर, बाहेर हाडं गोठवणारा जानेवारी, आणि ही फुली! माझ्या ओळखीच्या एकीने त्याच पायरीवर ठरवून टाकलं होतं की आपण गोऱ्या नाही म्हणून हाकललं. अगं, तीन ते पाच बऱ्याच हॉटेलांत स्वयंपाकघर बंद असतं. आपल्या अलिबागची दुकानं नाही का दुपारी शटर ओढत, तसंच. त्यांना इंग्रजीत ते सांगता येत नाही आणि तुला कोरियनमध्ये कळत नाही, म्हणून ती फुली. तिचा अर्थ ‘आत्ता नाही’ असू शकतो, ‘संपलं’ असू शकतो, ‘हे एकटीसाठी मिळत नाही’ असाही असू शकतो.

हा शेवटचा अर्थ नीट समजून घे. तव्यावर समोर भाजून खायचे प्रकार, मोठ्या भांड्यात मधोमध उकळणारे रस्से, हे किमान दोन माणसांचे मागवावे लागतात. एकटी गेलीस तर नको म्हणतील, किंवा दोघांचं घे म्हणतील. आपल्याला राग येतो, पण त्यांच्याकडे एकटीला शेगडी पेटवून बारा वाट्या मांडणं परवडत नाही. दुपारी एकटी असशील तेव्हा एका वाडग्यात येणारं खा: बिबिम्बाप, शेवयांचं सूप, भाजलेल्या बांगड्याचं ताट. तिथे कोणी फुली करत नाही.

आत शिरल्यावर काय? टेबलाच्या कडेला एक बटण असतं, डोअरबेलसारखं. ते दाबायचं. ‘बोलावलं तर उद्धट वाटेल’ म्हणून तू ताटकळत बसशील, आणि तुझ्याकडे कोणी येणारही नाही, कारण न बोलावता गिऱ्हाइकाच्या टेबलाशी घुटमळणं त्यांना बरं वाटत नाही. बटण नसेल तर हात वर करून मोठ्याने ‘जोगियो!’ म्हणायचं. मोठ्याने म्हणजे मोठ्याने, सत्यनारायणाला आलेल्या सुनेसारखं ओठांतल्या ओठांत नको. वयस्कर बाई वाढत असेल तर लोक ‘इमो’ म्हणूनही हाक मारतात, म्हणजे मावशी. पण वाढणारी पोरगी पंचविशीतली असेल तर तो शब्द गिळून टाक हो, कुठल्याही देशात चालायचा नाही.

चमचे आणि चॉपस्टिक दिसले नाहीत तर टेबलाला बाजूने खण असतो, तो उघड. पाणी पुष्कळ ठिकाणी आपलं आपण आणायचं. छोट्या वाट्यांतून येणारी तोंडीलावणी, म्हणजे बानचान, फुकट असतात आणि संपली की पुन्हा मागता येतात; काही हॉटेलांत ती कोपऱ्यात मांडलेली असतात, उठून घ्यायची. टेबलावर कात्री येईल. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा नवऱ्याला हळूच म्हटलं, कोणाचं तरी शिवणकाम राहिलं वाटतं. मटण कापायची असते ती, शेवयाही तिनेच कापतात. जेवण झालं की बिलाची वाट बघत बसू नकोस. दाराजवळच्या काउंटरवर जाऊन पैसे द्यायचे. टीप अजिबात ठेवायची नाही. ठेवलीस तर पैसे विसरलीस असं समजून मागे धावत येतील.

खाण्याबद्दल तुझी काळजी रास्त आहे, तिची टर उडवणार नाही. आपल्या घरात गाईचं आणि डुकराचं चालत नाही, आणि तिथे दोन्ही न दिसता असतं. वरून नुसतं समुद्री शेवाळाचं सूप दिसतं, खाली पाणी गाईच्या मटणाचं असतं. भातरोलमध्ये, म्हणजे किम्बापमध्ये, हॅमची काडी असते. तेव्हा तीन गोष्टी घोकून ठेव. ‘सो-गोगी’ म्हणजे गाईचं, ‘द्वेजी-गोगी’ म्हणजे डुकराचं, आणि नको असलेल्या वस्तूच्या पुढे ‘प्पे जुसेयो’ लावलं की ‘काढून द्या’. ‘हॅम प्पे जुसेयो’ म्हटलंस की किम्बापवाली डोळ्यांदेखत हॅमशिवाय वळून देईल. पण शिजवून ठेवलेल्या रश्शातून मटणाचं पाणी कोणी कसं काढणार? तिथे हट्ट करू नकोस, दुसरं मागव. तुझी शाकाहारी मैत्रीण यायची असेल तर तिला आधीच सांग की किमचीतही बहुतेक वेळा मासळीचा अर्क नाहीतर खारवलेली बारीक कोळंबी असते. साधारण आपला जवळाच म्हण ना.

तू मात्र मासेखाऊ आहेस, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीस. गोदुंगो म्हणजे बांगडा. गाल्ची म्हणजे आपली वाकटी, पण चांगली चार बोटं रुंद, आणि तिचं तिखट कालवण मुळ्याच्या चकत्या घालून करतात. माकूळ आहे, तिसऱ्या आहेत, आणि गोजेच्या शेजारचं थोंग्यॉंग तर कालवांसाठीच प्रसिद्ध आहे. बोंबील नाहीत, ते दुःख आहेच. पण कोरियाच्या उत्तर-पूर्वेच्या डोंगरात थंडीत लाकडी मांडवांवर पोलॉक नावाचा मासा सुकत टांगलेला असतो. त्या ओळीच्या ओळी बघून मला वलांडीवरचे बोंबील आठवले आणि नवऱ्याला भर बर्फात उभं राहून आगोटीच्या खरेदीची सगळी यादी ऐकावी लागली. सुकटासारखी म्योल्ची तर कुठल्याही बाजारात ढिगाने मिळते. तव्यावर परतून लसूण-तिखट लाव, चव जमते.

मासळीबाजारात तू सगळ्यात लवकर रुळशील बघ. उल्सानला बांगोजिनचं बंदर आहे, तासा-दीड तासावर बुसानचं जागाल्ची आहे, कोरियातला सगळ्यात नावाजलेला मासळीबाजार. तिथे माल विकतात त्या बायाच. कोरियन युद्धाच्या काळात निर्वासितांनी बुसान भरून गेलं तेव्हा पोट भरायला बाया टोपल्या घेऊन बसल्या आणि बाजार त्यांच्यामुळेच ओळखला जाऊ लागला. लांब रबरी बूट, रबरी हातमोजे, कमरेला पैशांचा कप्पा, आणि आवाज असा की मुरुडच्या बाजारातून थेट ऐकू यावा. त्या ओरडतायत म्हणजे भांडतायत असं समजून परदेशी मंडळी मागे सरतात. तू सरू नकोस. पुढे हो, कल्ला उचलून बघ, नाक मुरड. तुला मासळी कळते हे त्यांना एका क्षणात समजतं आणि मग वागणूक बदलते. भावात घासाघीस आपल्याइतकी होत नाही, पण जाता जाता दोन तिसऱ्यांची मूठ वर टाकतात. ती मात्र मागितल्याशिवाय मिळते, म्हणून जास्त गोड लागते.

जागाल्चीत एक हिशेब आधी माहीत असू दे, नाहीतर फसवल्यासारखं वाटेल. खाली मासा विकत घ्यायचा आणि वरच्या मजल्यावर तो कापून, शिजवून खायचा अशी सोय आहे. वर बसलं की माणशी बैठकीचे पैसे वेगळे लागतात, चटणी, पानं, वाट्या यांचे. रस्सा करून हवा तर त्याचे आणखी वेगळे. परदेशी माणूस माशाचा भाव ठरवून वर जातो आणि बिल बघून म्हणतो, मला लुटलं. लुटलं नाही गं, ती तिथली पद्धत आहे. पण तू खालीच कॅल्क्युलेटर पुढे करून वजन आणि भाव दोन्ही लिहून घे, आणि वर गेल्यावर बसण्याआधी पैसे विचार. विचारण्यात लाज कसली?

आता मोठं दुकान. काउंटरवर बाई एका दमात तीन प्रश्न विचारते: पॉइंट जमा करायचेत का, पिशवी हवी का, पावती हवी का. इतक्या वेगाने की ते एकच वाक्य वाटतं. नवीन माणूस घाबरून मान डोलावतो. मी पहिले कित्येक दिवस सगळ्याला ‘ने, ने’ म्हणत होते, म्हणजे ‘हो, हो’, आणि घरात पिशव्यांची चळत लागली होती, प्रत्येकीचे पैसे मोजून! सरळ ‘क्वेन्चानायो’ म्हण, म्हणजे राहू दे. पावतीला मात्र हो म्हणायचं, का ते पुढे सांगते. आणि पिशवी घ्यायचीच असेल तर कचऱ्याची घे. तिथे १९९५ पासून कचरा पालिकेच्या विकतच्या पिशवीतच टाकावा लागतो, आणि बरीच सुपरमार्केटं सामान त्याच पिशवीत भरून देतात. घरी आलीस की ती कचऱ्याला वापर. पण ज्या वॉर्डात राहतेस त्याच वॉर्डाची पिशवी हवी. शेजारच्या वॉर्डाची चालत नाही. आणि रविवारी निघण्याआधी दुकान चालू आहे का बघ. मोठ्या मार्टांना महिन्यातून दोन दिवस सक्तीची सुट्टी असते, बहुतेक ठिकाणी रविवारीच.

कपड्यांच्या छोट्या दुकानांत, जमिनीखालच्या बाजारांत, अंगात घालून बघू देत नाहीत, विशेषतः डोक्यावरून चढवायचे कपडे. मेकअपचे डाग लागतात म्हणून. ‘फ्री साइझ’ लिहिलेलं असतं. माझ्या मापाला तिथलं काही फ्री नव्हतं, ते सोड. तिथे घेतलेलं बहुधा बदलूनही मिळत नाही. उलट मोठ्या डिपार्टमेंटल स्टोअरमध्ये सकाळी दार उघडताना कर्मचारी ओळीने वाकून नमस्कार करतात, इतकं की आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं, आणि तिथे पावती व ज्या कार्डाने पैसे दिले ते कार्ड घेऊन गेलीस तर काही दिवसांत वस्तू परत घेतात. पावती म्हणूनच जपायची. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूला तर कायद्यानेच हाती पडल्यापासून सात दिवसांत नको म्हणता येतं. काही अपवाद आहेत, पण सात दिवसांचा हक्क आहे हे लक्षात ठेव आणि आठव्या दिवशी मला रडत फोन करू नकोस.

खरा छळ बघ दुकानात नाहीच, तो नावात आहे. तुझ्या पासपोर्टवर तुझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं लांबलचक छापलंय. तीन महिन्यांहून जास्त राहायचं तर पोचल्यापासून नव्वद दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करून कार्ड घ्यावं लागतं. त्या कार्डावर फोन, फोनवर बँक, आणि फोन-बँकेवर बाकी सगळं. घरपोच जेवण, सामान मागवायची ॲप, सिनेमाचं तिकीट, सगळीकडे ‘हा फोन तुमचाच का’ याची तपासणी होते. फोनवाल्याने मधली जागा सोडली आणि बँकवाल्याने सगळं सलग लिहिलं की यंत्र म्हणतं, ही बाई ती नव्हे. काउंटरवरचा मुलगा अतिशय नम्रपणे माफी मागतो आणि काम काही होत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी, जिथे जिथे नाव लिहून घेतील तिथे कार्ड समोर धरून, अक्षर न् अक्षर, मोकळ्या जागेसकट जुळवून घे. घाई करतील. तू करू नकोस. आणि नोंदणी लवकर उरक, नव्वदावा दिवस उजाडायची वाट बघू नकोस. तोवर नवऱ्याच्या फोनवर सगळं मागवावं लागतं, आणि कुरिअर आलं की मीटिंगमध्ये त्याचा फोन वाजतो.

आता जे खरंच वाईट आहे ते. तेही सांगायलाच हवं, नाहीतर म्हणशील ताईने सगळं गोड गोड सांगून पाठवलं. परदेशी म्हणून दारात अडवल्याचे प्रकार घडलेत. २०१७ मध्ये सोलच्या इतेवोन भागात एका पबच्या दारात भारतीय विद्यार्थ्याला, भारतीयांना प्रवेश नाही असं सांगून अडवलं होतं, आणि त्याच्या बातम्या आपल्याकडेही आल्या होत्या. २०११ मध्ये बुसानला एका सार्वजनिक स्नानगृहाने उझबेकिस्तानात जन्मलेल्या, पण रीतसर कोरियन नागरिक झालेल्या बाईला आत घेतलं नाही. सरसकट सगळ्या भेदभावाला बंदी घालणारा कायदा तिथे २००७ पासून मांडला जातोय आणि अजून मंजूर झालेला नाही. अशा वेळी दारात वाद घालू नकोस. फोटो काढ, वेळ टिपून ठेव आणि १३३१ या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या नंबरवर तक्रार कर. काही हॉटेलांच्या दारावर ‘नो किड्स झोन’ अशी पाटी असते. ती आपल्या जातीकुळीवर नाही, कोरियन आयांनाही तितकीच लागते, आणि त्यावरून तिथे भरपूर भांडणं झालीयत. २०१७ मध्येच जेजू बेटावरच्या एका हॉटेलाबद्दल आयोगाने ही मुलांशी होणारी भेदभावाची वागणूक आहे असं म्हटलं. तुझ्या लेकीला घेऊन बाजारातल्या साध्या खानावळीत जा. तिथली मावशी तिला कडेवर घेऊन मासा सोलून भरवेल आणि तू कोपऱ्यात बसून गरम गरम जेवशील.

पण दुसरी बाजूही बघ. ‘गिऱ्हाईक म्हणजे राजा’ हे तिथे इतकं डोक्यात गेलं होतं की काउंटरमागच्या माणसांचे हाल व्हायचे. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कला कोरियन एअरच्या अध्यक्षांच्या मुलीने, जी स्वतः कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, मकाडेमिया नट्स बशीत न देता पाकिटातच दिले म्हणून धावपट्टीकडे निघालेलं विमान परत फिरवलं आणि मुख्य कर्मचाऱ्याला खाली उतरवलं. देश पेटून उठला होता. पुढे १८ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा लागू झाला की गिऱ्हाईक शिवीगाळ करत असेल तर मालकाने आपल्या कर्मचाऱ्याला त्यापासून वाचवलं पाहिजे. आता कित्येक ठिकाणी फोन लावला की आधी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते, की बोलणारी व्यक्ती कोणाच्या तरी घरची आहे, नीट बोला. म्हणून म्हणते, काउंटरवरची मुलगी हसली नाही तर नको हसू दे. तिने हसलंच पाहिजे असं मागायचा हक्क मला तरी मान्य नाही. माल बरोबर दिला, पैसे बरोबर घेतले, बास.

आपल्याकडे माणगावजवळ विळे-भागाडला पॉस्को या कोरियन कंपनीचा पोलादाचा कारखाना आहे. तिथली वर्षाला १८ लाख टनांची गिरणी २०१५ मध्ये सुरू झाली. कामासाठी कोरियाहून माणसं इथे येऊन राहिली. त्यांना आपल्या दुकानात काय अनुभव येत असतील विचार कर! आपण त्यांना पगार विचारतो, मुलं किती विचारतो, सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट हातावर ठेवतो, आणि ‘पाच मिनिटांत’ म्हणून अर्धा तास बसवतो. तीही बिचारी आपल्या घरी सांगत असतील, रायगडची माणसं प्रेमळ आहेत हो, पण टेबलावर बटण नाही.

स्वयंपाकघराचं राहिलंच. तांदळाची भाकरी केल्याशिवाय तुझा जीव राहणार नाही, मला माहितेय. तिथल्या पिठात दोन जाती आहेत. ‘चाप्सल’ म्हणजे चिकट तांदळाचं. ते आणलंस तर भाकरी परातीला, हाताला, तव्याला, सगळीकडे चिकटेल आणि भाकरी सोडून सगळं होईल. मी ते पहिल्याच आठवड्यात करून बसले होते. ‘मेप्सल’ बघून घे. त्याहून बरं म्हणजे बाजारात ‘बांगात्गान’ शोध, ती त्यांची गिरणी. तिथे तिखट कुटून देतात, तिळाचं तेल काढून देतात आणि तांदूळ दळून देतात. मात्र ते भिजवलेले तांदूळ दळतात आणि सवयीने त्यात मीठ घालतात, म्हणून मीठ नको हे आधी सांग. त्या ओलसर पिठाचे उकडीचे मोदक इतके पांढरेशुभ्र होतात की गणपतीत मला तिथली गिरणी आठवते. गिरणीवाल्या आजींना दोन मोदक नेऊन दे. त्या हसणार नाहीत. पुढच्या वेळी मात्र तुझा तांदूळ रांगेत आधी घेतील.

मसाल्यांसाठी बुसानजवळच्या गिम्हेला जा, तिथल्या परदेशी मंडळींच्या बाजारात आपल्या डाळी, हळद, हिंग मिळतं. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ इथून नेऊ नकोस, विमानतळावर काढून घेतात. लोणच्याचं झाकण दोनदा बांध. आणि तीन नंबर फोनमध्ये आत्ताच घाल, माझ्यासमोर: १३३० पर्यटकांची मदत, इंग्रजीत चोवीस तास, १३४५ परदेशी नागरिकांच्या कागदपत्रांसाठी, ११९ रुग्णवाहिका आणि आग. दुकानाच्या तक्रारीसाठी १३७२ आहे, पण तेव्हा कोरियन बोलणारं कोणीतरी शेजारी बसव.

पहिले दोन आठवडे जड जातील, त्यात काही विशेष नाही. दमलीस तर फोन कर, पण तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. माझी भांडी आठला उरकतात, तेव्हा तुझ्याकडे साडेअकरा वाजलेले असतील. म्हणून दुपारीच कर.